दीर्घिकांचा अभ्यास व आमचीं विद्यापीठें

गेल्या हिवाळ्यांत एके सायंकाळीं तास संपवून आम्ही महाविद्यालयाच्या पायऱ्या उतरत असतां द्वितीय वर्षाच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आमच्या मागोमाग आली. मुखेडपासून चारपांच कोसांवरील एका वाडीची ही मुलगी. घरीं कोरडवाहू शेती. एसटीच्या वेळेकडे डोळा ठेवून बोलण्याची तिला संवय. "सर, दीर्घिकांचा अभ्यास करायचा तर कुठं जावं लागतं?" असें तिनें विचारलें. आम्हीं सहज उत्तर दिलें, "पुण्यास." ती क्षणभर थांबली व म्हणाली, "आणि पुण्यात सोय नव्हती तेव्हा लोक कुठं जायचे?" इतक्यांत एसटी आली व ती गेली, प्रश्न मात्र आमच्यापाशीं राहिला. महाराष्ट्रांत या शास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास कोठें सुरू झाला, कोठें खुंटला व पुन्हां कसा उभा राहिला, याचा वृत्तान्त एकत्र सांगितला तर तो त्या मुलीच्याच नव्हे, आमच्या वाचकांच्याहि उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

प्रथम विषयाची ओळख करून घेऊं. मार्गशीर्षांतील काळोख्या रात्रीं मुखेडच्या माळावर उभें राहून उत्तराभाद्रपदेच्या बाजूस नजर लावली, तर एक अंधुक पांढुरका डाग नुसत्या डोळ्यांस दिसतो. हीच देवयानी दीर्घिका. आपला सूर्य ज्या आकाशगंगेचा घटक आहे तींत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. देवयानी हा तसलाच दुसरा संसार असून तेथून निघालेला प्रकाश आपणांपर्यंत पोहोंचण्यास सुमारें २५ लाख वर्षें लागतात. अशा दीर्घिकांची घडण, त्यांचे समूह व एकंदर विश्वाची रचना आणि वाटचाल यांचा विचार करणारें शास्त्र तें विश्वरचनाशास्त्र. शास्त्र या दृष्टीनें तें अगदीं तरुण आहे. १९२० पर्यंत हे डाग आपल्याच आकाशगंगेंतील तेजोमेघ आहेत कीं तिच्या बाहेरचीं स्वतंत्र विश्वें आहेत, याविषयीं मोठमोठ्या पंडितांत वाद होता. एड्विन हबल यानें १९२३ मध्यें देवयानींत एक रूपविकारी तारा हुडकून तिचें अंतर मोजलें, आणि तो वाद मिटला. १९२९ मध्यें त्यानेंच दाखविलें कीं, दीर्घिका जितकी दूर तितकी ती आपणांपासून अधिक वेगानें दूर जाते.

परंतु आकाशाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची सोय लावण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाहीं. चाळीसगांवाजवळील पाटण येथें शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारीं ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणि' व त्यांचे इतर ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला, आणि तेथील निकुंभ वंशाच्या अधिपतीनें त्या मठास उत्पन्न लावून दिलें, असें हा लेख सांगतो. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. पण कोणी काय द्यावयाचें याचा तपशील मात्र तत्कालीन बोलींत, मराठींत, दिलेला आहे. ज्यांनीं द्यावयाचें त्यांस तो समजला पाहिजे, हा हेतु उघड आहे. ग्रंथ, ते शिकविणारा, ते शिकणारा आणि या तिघांच्या योगक्षेमाचें नेमलेलें उत्पन्न, अशीं चारहि अंगें त्या एका मठांत जमून आलीं होतीं. पुढील इतिहास वाचतांना हा मठ ध्यानांत ठेवावा, अशी आमची विनंति आहे. कारण अर्वाचीन काळांत या चारांपैकीं एखादें अंग नेहमींच उणें पडत गेलें.

१८८८ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीमुळें ती त्यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचे चालक कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्याच कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवीत. तेथील २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण पुढें कित्येक दशकें हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचें लक्ष ग्रहांच्या गतीपेक्षां ताऱ्यांच्या प्रकाशाकडे होतें. प्रकाशाचा वर्णपट पाडून त्यावरून तेजोगोलाचें द्रव्य ओळखावें, ही त्या वेळीं अगदीं नवी असलेली विद्या त्यांनीं येथें आणली. मृगनक्षत्रांतील तेजोमेघाच्या वर्णपटाविषयीं त्यांचा निबंध १८९१ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें छापला. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट टिपला.

तो काळ कसा होता हें आठवावें. १८९६-९७ च्या दुष्काळानें दख्खन होरपळून निघाली होती आणि पुण्यांत प्लेगनें घरेंच्या घरें ओस पाडलीं होतीं. आज मराठवाड्यांत आम्हांस पुष्कळ वेळां विचारण्यांत येतें कीं, जेथें चार वर्षांआड पाऊस दगा देतो तेथें दीर्घिकांचें काय काम? हा प्रश्न निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो नवा नाहीं एवढें जेऊरच्या तळावरून दिसतें. त्या दिवसांत पुण्यांतच ट्रेनिंग कॉलेजांतील शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या पूर्वजांच्या ज्योतिषाचा इतिहास खपून लिहून १८९६ सालीं प्रसिद्ध केला, आणि १८९८ मध्यें ते वारले. संकटाच्या काळींहि माणसास आकाशाची ओढ असते, एवढेंच या दोघांच्या उदाहरणावरून सिद्ध होतें; व आम्हांस तेवढें पुरे आहे.

आतां या वेधशाळेचा शेवट पाहा. नायगमवाला यांची सेवा संपतांच १९१२ सालीं ती बंद झाली आणि यंत्रें दक्षिणेंत कोडाईकनालला रवाना झालीं. त्याच १९१२ सालीं अमेरिकेंत काय घडलें? हार्वर्ड येथें हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनीं रूपविकारी ताऱ्यांचा आवर्तनकाल व त्यांचें तेज यांचा संबंध प्रसिद्ध केला. याच गजानें पुढें हबलनें देवयानीचें अंतर मोजलें. आणि सप्टेंबरांत ॲरिझोनांतील वेधशाळेंत व्हेस्टो स्लायफर यानें देवयानीचा वर्णपट घेऊन ती सेकंदास सुमारें ३०० किलोमीटर वेगानें आपणांकडे येत आहे असें काढलें. दीर्घिकेची गति मोजली गेली ती ही पहिलीच. स्लायफरची दुर्बीण २४ इंची होती. पुण्याची २० इंची. त्याचा वर्णपटदर्शक अधिक चांगला होता, तेथील हवा कोरडी व उंचावरील होती, हें सर्व मान्य करूनहि असें म्हणावें लागतें कीं, ज्या वर्षीं दीर्घिकांच्या शास्त्राचा पाया घातला गेला त्याच वर्षीं आम्ही आमची वेधशाळा पेट्यांत बांधीत होतों. दुर्बीण होती, देणगी होती, विद्वान् होता. नव्हता तो शिष्य. एका माणसाच्या पाठीवर उभारलेली संस्था तो माणूस उठतांच खालीं बसली. तिच्या मागें खगोलशास्त्राचा वर्ग नव्हता, परीक्षा नव्हती, शिष्यवृत्ति नव्हती. चांगदेवाच्या मठांत जें होतें तें पुण्याच्या कॉलेजांत नव्हतें!

मुखेडच्या माणसास मात्र त्या वेळीं पुणें हें परमुलूख होतें. आमचा सारा मराठवाडा निजामाच्या राज्यांत. राजधानी हैदराबाद, आणि तीच आम्हांस जवळची. तेथें नवाब जफर जंग या हौशी सरदारानें १९०१ च्या सुमारास आपल्या जहागिरीच्या बागेंत १५ इंची दुर्बीण आणून वेधशाळा स्थापिली व तिला निजामिया हें नांव दिलें. त्याच्या मृत्यूनंतर १९०८ मध्यें सरकारनें ती ताब्यांत घेऊन बेगमपेठेस हलविली. जगांतील अनेक वेधशाळांनीं आकाश आपसांत वांटून घेऊन ताऱ्यांचा एक महान् नकाशा करण्याचें अंगावर घेतलें होतें. त्यांतील दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादेच्या वांट्यास आला. छायाचित्राच्या कांचेवर एकेका ठिपक्याचें स्थान मोजावयाचें, तें लिहून ठेवावयाचें व पुढील ठिपक्याकडे वळावयाचें, असें तें काम वर्षानुवर्षें चाललें, टी. पी. भास्करन यांनीं तें १९१८ पासून पाव शतक सांभाळलें. अशा कामांत कीर्ति थोडी आणि चिकाटी फार. पण पुण्याहून येथें एक गोष्ट निराळी घडली. १९१९ मध्यें ही वेधशाळा नव्या उस्मानिया विद्यापीठाकडे सोंपविण्यांत आली. म्हणून चालक बदलले तरी ती बुडाली नाहीं.

उस्मानिया विद्यापीठानें एक धाडसी प्रयोग केला होता. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक हीं सर्व शास्त्रें त्यानें इंग्रजीऐवजीं उर्दूंतून शिकविण्यास घेतलीं, आणि त्यासाठीं १९१७ पासूनच भाषांतराचें स्वतंत्र खातें काढून ग्रंथ व परिभाषा तयार केल्या. देशी भाषेंतून उच्च शास्त्र शिकवितां येतें, हें या प्रयोगानें दाखविलें. त्याचें श्रेय नाकारणें हा कृतघ्नपणा होईल. पण राज्यांतील बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती. मुखेड, कंधार, देगलूर या तालुक्यांतील मुलगा घरीं मराठी बोले, पलीकडच्या गांवीं तेलुगु वा कानडी ऐके, आणि विद्यापीठांत जावयाचें तर उर्दूच्या वाटेनें जाई. मुळांत शाळा तुरळक. त्यांतून जो वर चढे त्यास भाषेचा दुसरा घाट चढावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राज्य संपलें, त्यानंतर उर्दूची जागा इंग्रजीनें घेतली. घाट बदलला, चढ तेवढाच राहिला.

याच वेधशाळेंतील एका सहायकाचा मुलगा वेणू बाप्पू लहानपणीं तिच्या आवारांत वावरला, निजाम कॉलेजांत शिकला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला व १९४९ मध्यें तेथें त्यानें एक धूमकेतु शोधून काढला. पुढें भारतीय खगोलविज्ञानाचा तो आधारस्तंभ ठरला. वेधशाळा शेजारीं असली म्हणजे मुलाच्या हातून काय होऊं शकतें, याचें हें उदाहरण होय. उस्मानियांत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९५९ मध्यें निघाला आणि लवकरच त्याचीं सूत्रें कृष्ण दामोदर अभ्यंकर यांच्याकडे आलीं. जपल-रंगापूर येथें ४८ इंची दुर्बीण १९६८ मध्यें बसली. अभ्यंकरांनीं वर्गांत शिकवितां शिकवितां जें जमविलें त्यांतून तारे व दीर्घिका यांवरील त्यांचें इंग्रजी पाठ्यपुस्तक तयार झालें. पदव्युत्तर विद्यार्थी आजहि तें वापरतात. आमच्या टेबलावर त्याची एक जीर्ण प्रत आहे.

आतां वळूं कोल्हापूरकडे. विश्वरचनाशास्त्रास दुर्बिणीबरोबरच गणित लागतें, आणि गणितास खडू व फळा पुरतो. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर (जन्म १९०८) मुंबईची पदवी घेऊन केंब्रिजला गेले. एडिंग्टनसारख्यांच्या सहवासांत त्यांनीं सापेक्षतावाद आत्मसात् केला. आणि १९३२ मध्यें मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून काशी हिंदु विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हां त्यांचें वय अवघें २४ वर्षांचें होतें. तेथें वेधशाळा नव्हती, पण नायगमवाला यांना जें लाभलें नाहीं तें नारळीकरांनीं निर्माण केलें: शिष्यांची परंपरा.

एकाच शिष्याची गोष्ट सांगतों. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण शिक्षक १९४२ मध्यें पत्नी व तान्ही मुलगी यांना घेऊन काशीस आले. पगार नाहीं, शिष्यवृत्ति नाहीं. गांठीस बांधलेली पुंजी पुरेल तेवढे दिवस नारळीकरांपाशीं शिकावयाचें, एवढाच बेत. दहा महिने ती पुंजी पुरली. तेवढ्या अवधींत वैद्यांनीं तेज बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोंवतालचें गुरुत्वक्षेत्र कसें असेल याचें गणित सोडविलें व १९४३ मध्यें तें प्रसिद्ध झालें. त्या वेळीं त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९६३ मध्यें क्वेसार नांवाच्या प्रचंड तेजस्वी व अतिदूरच्या वस्तु ओळखल्या गेल्या, तेव्हां तेंच गणित जगभर उपयोगांत आलें. आज तें वैद्यांच्याच नांवानें शिकविलें जातें. ही गोष्ट सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो, तशी खंतहि वाटते. दहाऐवजीं चारच महिन्यांची पुंजी असती तर? आणि ज्यांच्यापाशीं चार महिन्यांचीहि नव्हती असे किती जण घरीं बसले, त्यांची नोंद कोणत्या इतिहासांत आहे?

विष्णुपंतांचे पुत्र जयंत यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. शिक्षण काशीचें व पुढें केंब्रिजचें. तेथें फ्रेड हॉईल यांच्या हाताखालीं त्यांनीं विश्वरचनेचा अभ्यास केला. हॉईल, बाँडी व गोल्ड यांनीं १९४८ मध्यें असें मत मांडलें होतें कीं, विश्व प्रसरण पावत असलें तरी त्यास आरंभ नाहीं. रिकाम्या होणाऱ्या जागीं नवें द्रव्य उत्पन्न होत राहतें. १९६५ मध्यें पेंझियास व विल्सन यांस सर्व दिशांनीं सारखी येणारी, परमशून्याच्या वर सुमारें पावणेतीन अंश तापमानाची प्रारणें सांपडलीं, आणि विश्वास अतितप्त आरंभ होता या मताकडे बहुतेक शास्त्रज्ञ झुकले. जयंत नारळीकरांनीं अखेरपर्यंत प्रवाहाविरुद्ध प्रश्न विचारणें सोडलें नाहीं. पुरावा बहुमताच्या बाजूनें आहे असें आमचेंहि मत आहे. तथापि १९८३ सालचें त्यांचें विश्वरचनाशास्त्रावरील पाठ्यपुस्तक वाचणाऱ्यास एक लाभ होतो: रूढ सिद्धान्त तेथें पूर्णपणें मांडला आहे आणि त्याची कसोटी कोठें लागते हेंहि सांगितलें आहे. विद्यार्थ्यास पाठ करावयास न लावतां विचार करावयास लावणें हें शिक्षकाचें काम त्यांनीं चोख केलें.

१९७२ मध्यें ते मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेंत परत आले, आणि १९८८ मध्यें विद्यापीठ अनुदान मंडळानें पुणें विद्यापीठाच्या आवारांत खगोलविज्ञानाचें आंतरविद्यापीठ केंद्र स्थापून त्यांस पहिले संचालक नेमलें. लोक त्यास 'आयुका' म्हणतात. या नांवांतील 'आंतरविद्यापीठ' हा शब्द आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. ग्रंथालय, गणकयंत्रें, दुर्बिणीवरील वेळ हीं साधनें एका ठिकाणीं ठेवावीं, परंतु त्यांवर देशांतील प्रत्येक विद्यापीठाच्या शिक्षकाचा हक्क असावा. त्यानें येऊन कांहीं आठवडे राहावें, काम करावें व आपल्या गांवीं परत जाऊन शिकवावें, अशी ही योजना. पुण्यास १९१२ मध्यें जें मोडलें तें ७६ वर्षांनीं पुण्यासच पुन्हां उभें राहिलें, आणि या वेळीं शिष्यांची तजवीज आधीं झाली. १९१२ चा धडा कोणी मुद्दाम गिरविला होता कीं काय तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण तो गिरविला गेला खरा.

त्याचें फळ पाहावयाचें तर २०१७ सालचा शोध पाहावा. पुण्यांतील शास्त्रज्ञांनीं मीन राशींत, रेवतीच्या बाजूस, दीर्घिकांचा एक महासमूह ओळखला व त्यास 'सरस्वती' हें नांव दिलें. त्याचा प्रकाश निघाल्यास सुमारें ४०० कोटी वर्षें झालीं. त्याचा विस्तार सुमारें ६० कोटी प्रकाशवर्षें. यांतील मर्माची गोष्ट ही कीं, ज्या आकाशपाहणीच्या आंकड्यांतून हा समूह निघाला ती पाहणी अमेरिकेंतील दुर्बिणीची असून तिचे आंकडे सर्वांस खुले आहेत. ज्यास गणित येतें व ज्याच्यापाशीं साधें गणकयंत्र आहे, त्यास ते मुखेडांत बसूनहि मिळतात. नायगमवाला यांस आरसा विलायतेहून आणावा लागला. आजच्या विद्यार्थ्यास आकाश घरपोंच येतें. अडचण आतां साधनांची उरलेली नाहीं. ती तयारीची आहे.

आणि आतां आकाश आमच्या अगदीं दाराशीं येत आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें अंतिम मान्यता दिली. सुमारें २,६०० कोटींचें हें काम आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांच्या लांबींत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाइतका फरक पडला तरी तो टिपावयाचा! दूरच्या दीर्घिकांत दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन झालीं कीं त्याचा कंप येथें उमटणार. आमच्या पिढीस ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहांट आठवते. त्या दिवशीं जमीन हालली म्हणजे काय तें लातूर-धाराशिवकडील घराघरानें अनुभवलें. त्याच मराठवाड्यांत जमिनीची शांतता पारखून हें यंत्र बसावयाचें आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

परंतु त्या वेधशाळेंत आमच्या मुलांचें स्थान कोणतें राहणार? फाटकावर पहारा करणाऱ्यांचें, कीं आंत बसून लहरींचें गणित करणाऱ्यांचें? जमीन आमची म्हणून शास्त्र आमचें होत नाहीं. नांदेडास १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. पुण्याची वाट पूर्वीइतकी लांब राहिलेली नाहीं. तरीहि तालुक्याच्या गांवीं पदवीच्या वर्गांत गणिताचा पाया कच्चा राहतो, वर्णपट चित्रांतच पाहिला जातो, आणि इंग्रजीच्या भयानें हुशार मूल मागच्या बांकावर गप्प बसतें. याचा दोष दुसऱ्यावर लोटण्यापूर्वीं आम्हीं तो स्वतःकडे घेतला पाहिजे. तीस वर्षें शिकवीत असतां दीर्घिकांचा धडा परीक्षेपुरता उरकण्याचें पाप आमच्याहि हातून घडलें आहे.

जयंत नारळीकरांची एक संवय सर्वश्रुत होती. सही मागणाऱ्या मुलांस ते सांगत कीं, मला एक पोस्टकार्ड पाठवा आणि त्यावर विज्ञानांतील एक प्रश्न विचारा. उत्तर आणि सही दोन्ही मिळतील. २० मे २०२५ रोजीं ते गेले. आतां पोस्टकार्ड कोणास पाठवावें? आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतील शिक्षकांनीं तीं आपल्या नांवावर येऊं द्यावींत, हेंच उत्तर आम्हांस सुचतें.

त्या मुलीस आम्हीं दुसऱ्या दिवशीं हा सर्व वृत्तान्त सांगितला. पाटणच्या मठापाशीं तिनें विचारलें, "तिथं मुली होत्या का, सर?" शिलालेखांत तसा उल्लेख नाहीं, असें आम्हांस सांगावें लागलें. सध्यां दर शनिवारीं दुपारीं आमच्या खोलींत सात विद्यार्थी जमतात. तास मराठींत चालतो, पुस्तक इंग्रजी असतें, आणि कलनशास्त्राचीं उदाहरणें सुटल्यावांचून दीर्घिकेचें नांव काढावयाचें नाहीं असा आमचा कडक नियम आहे. नियम रोज मोडतो. मोडणारी तीच मुलगी असते.